सांचीच्या टेकडीवरील मंदिरांचे अवशेष : स्तूपाखेरीज काय आणि कसे पाहावे?

वाटसरू (प्रश्न)

येत्या हिवाळ्यात भोपाळ आणि विदिशा या बाजूला जाणे होणार असून सांचीसाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवला आहे. महास्तूप, त्याची चार तोरणे आणि त्यांवरील कोरीवकाम यांविषयी मराठीत इतके लिहून झाले आहे की त्याची तयारी घरबसल्या करता येते. माझी अडचण टेकडीवरच्या उरलेल्या वास्तूंची आहे. तेथील नकाशावर मंदिर क्रमांक १७, १८, ४० आणि ४५ अशा नोंदी दिसतात. छायाचित्रांवरून क्रमांक १७ हे छप्पर शाबूत असलेले छोटे देऊळ आहे हे समजते, क्रमांक १८ मध्ये छताविना उभे असलेले उंच खांब दिसतात, आणि क्रमांक ४० म्हणजे एक मोठे दगडी जोते व त्यावर खांबांचे बुंधे, एवढेच हाती लागते. सोबत येणाऱ्यांपैकी काहींनी ही जागा पूर्वी पाहिली आहे. स्तूपाभोवती भरपूर वेळ घालवल्यानंतर या भागातून ते भराभर चालत बाहेर पडले, कारण नेमके काय पाहायचे हेच त्यांना उमगले नाही.

माझे विचारणे असे की, वरचा सगळा डोलारा नाहीसा झालेला असताना नुसत्या जोत्यावरून मूळ इमारत मनात कशी उभी करावी? शिवाय पूजेसाठी शेजारी एवढा मोठा स्तूप असताना वेगळ्या मंदिराची गरज का पडली असावी? कोणत्या क्रमाने फिरावे आणि तेथे कोणती पथ्ये पाळावीत, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

लेणीवेडा

तुम्ही कार्ले किंवा भाजे पाहिले असेल, तर तुमची निम्मी तयारी झालेलीच आहे. पाहिले नसेल, तर सांचीला जाण्याआधी यांपैकी एक तरी चैत्यगृह (आत स्तूप असलेले पूजेचे दालन) पाहून घ्यावे असा माझा आग्रह राहील. सांचीला जे पडून गेले आहे, ते सह्याद्रीत कातळात कोरलेले असल्यामुळे टिकून राहिले आहे.

मंदिर क्रमांक १८ पासून सुरुवात करू. महास्तूपाच्या दक्षिण तोरणातून बाहेर पडलात की हे समोरच लागते. त्याचा तलविन्यास, म्हणजे जमिनीवरचा आराखडा, गजपृष्ठाकार आहे, म्हणजे पुढचा भाग सरळ आणि मागची बाजू अर्धवर्तुळात वळलेली. मध्यभागी लांबट दालन, दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, त्या रांगांच्या पलीकडे चिंचोळ्या वाटा आणि मागच्या गोलाईत स्तूप, अशी ही रचना होती. आता कार्ल्याचे चैत्यगृह आठवा. तेथे ३७ खांब आहेत, टोकाला स्तूप आहे आणि वर गजपृष्ठाकार छताला लाकडी फासळ्या आजही जडवलेल्या आहेत. कातळाला फासळ्यांचा आधार लागत नाही, तरीही त्या बसवल्या गेल्या, कारण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारती होत्या. भाज्याला तर खांब आतल्या बाजूला कललेले कोरले आहेत. लाकडी छताचा बाहेर ढकलणारा भार पेलण्यासाठी खांब असे कलते रोवावे लागत, डोंगराच्या पोटात मात्र तो कल निव्वळ सवयीने आलेला आहे. या दोन गोष्टी मनात ठेवून क्रमांक १८ च्या प्रवेशाच्या जागी उभे राहा आणि सुमारे १७ फूट उंचीच्या त्या एकसंध दगडी खांबांवरून नजर वर न्या. छप्पर कोठून सुरू होत असेल, त्याची कमान कोणत्या दिशेने वळत असेल आणि मागे गोलाईत ते कसे मिटत असेल, हे आपोआप दिसू लागते.

क्रमांक ४० हे माझ्या मते टेकडीवरचे सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित अवशेष आहेत. ते टेकडीच्या दक्षिण भागात आहेत. याचा मूळ आराखडा मौर्यकाळापर्यंत मागे जातो. म्हणजे स्तूपाच्या दगडी आच्छादनाच्या आणि तोरणांच्याही आधी येथे एक गजपृष्ठाकार मंदिर होते. त्याचे जोते दगडी आणि वरची इमारत लाकडी होती. ती आगीत नष्ट झाली. येथे जिना शोधा. पुढच्या टोकाला तो सापडणार नाही, तो लांब बाजूंना आहे. कार्ल्यात आपण टोकाकडून आत शिरतो, त्यामुळे हे प्रथम विचित्र वाटते. बिहारमधील बराबर डोंगरातल्या सुदामा गुंफेचे दारही असेच लांब बाजूला आहे, आणि ती गुंफा अशोकाच्या काळातील आहे, हे लक्षात घेतले म्हणजे उलगडा होतो. आग लागून गेल्यावर जोते रुंदावून त्याचा आयत करण्यात आला आणि त्यावर प्रत्येकी १० खांबांच्या ५ रांगा, असा ५० खांबांचा मंडप उभारला गेला. आज जे बुंधे दिसतात ते या दुसऱ्या टप्प्याचे. हे माहीत नसेल, तर बुंध्यांच्या ओळींवरून मूळ गजपृष्ठाकार इमारत शोधण्याचा प्रयत्न फसतो.

प्रत्येक प्राचीन बौद्ध मंदिर गजपृष्ठाकारच असते असेही समजू नये. राजस्थानात बैराट येथे १९३५-३६ साली पुरातत्त्वज्ञ दयाराम साहनी यांनी उत्खनन केलेले मंदिर वर्तुळाकार आहे. मधल्या स्तूपाभोवती २६ अष्टकोनी लाकडी खांब आणि त्यांच्या मधल्या जागेत विटांचे बांधकाम, अशी त्याची भिंत होती. त्याचा कातळातला भाऊबंद पाहायचा असेल तर जुन्नरजवळची तुळजा लेणी पाहावीत. तेथे स्तूपाभोवती १२ खांबांचे कडे आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. महास्तूपाची पूजा म्हणजे उघड्यावरची प्रदक्षिणा. भिक्षूंना एकत्र बसून पठण करायचे असेल, पावसाळ्याचे दिवस असतील, तर छपराखालची जागा हवी. म्हणून त्या जागेत एक लहान स्तूप उभारून चैत्यगृह बांधले गेले. पुढे बुद्धमूर्तीची पूजा रूढ झाली, तेव्हा मूर्तीसाठी चौकोनी गाभारा आणि त्यापुढे लहानसा मुखमंडप, ही वेगळी घडण आली. तिचे उदाहरण क्रमांक १७ मध्ये आहे, आणि ते क्रमांक १८ च्या अगदी शेजारी आहे. दोन्ही घडणी एका नजरेच्या टप्प्यात पाहायला मिळाव्यात अशी दुसरी जागा सहजी सापडणार नाही.

कालिंदी

लेणीवेडा यांचे विवेचन मला बहुतांशी मान्य आहे, पण लेण्यांचा साचा सांचीवर जसाच्या तसा बसवू नये एवढे सांगावेसे वाटते. क्रमांक १८ चे जे खांब उभे आहेत ते सातव्या शतकातले मानले जातात. कार्ल्याचे चैत्यगृह त्याच्या पाच-सहा शतके आधीचे आहे. या खांबांच्या खाली आणखी जुन्या फरसबंदीचे थर सापडले, म्हणजे त्याच जागी त्याच आकाराचे जुने चैत्यगृह होते आणि ते पुन्हा पुन्हा बांधले गेले, हे खरे. मात्र उभ्या अवशेषात एक ठळक फरक आहे. कार्ल्यात खांबांची रांग स्तूपाच्या मागूनही वळत जाते. येथे गोलाईच्या भागात खांब नाहीत, तेथे भरीव भिंत होती. तेव्हा स्तूपामागे खांबांमधून झिरपणारा उजेड कल्पनेत आणू नका, तो येथे नव्हता. हा फरक जागेवर जाऊन मुद्दाम तपासावा, कारण एकदा तो दिसला की आपण आठवणीतले लेणे पाहत नसून समोरची इमारत पाहत आहोत याची खात्री पटते.

दुसरी गोष्ट अशी की, आज उभे असलेले सगळेच काही काळाने आपल्याला जसेच्या तसे दिलेले नाही. १८१८ साली जनरल टेलर या ठिकाणी पोहोचला, त्यानंतर बराच काळ येथे हौशी उकराउकरी झाली. १८२२ मध्ये महास्तूपाला एका बाजूने भगदाड पाडण्यात आले आणि त्याचे दुष्परिणाम दीर्घकाळ भोगावे लागले. व्यवस्थित डागडुजी १९१२ ते १९१९ या काळात पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे महासंचालक जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली झाली, आणि तिला भोपाळच्या बेगमांचा आश्रय होता. क्रमांक १८ चे अवजड खांब तेव्हा धोकादायक रीतीने कलले होते. ते पुन्हा सरळ करून पक्क्या पायावर बसवले गेले. क्रमांक १७ च्या छपराची दुरुस्तीही त्याच वेळची. स्तूप क्रमांक ३ चा घुमट तर जवळजवळ दगडांच्या ढिगाऱ्यातून पुन्हा रचलेला आहे. यात फसवणूक काही नाही, उत्तम संवर्धनाचा तो नमुनाच आहे. पण पाहणाऱ्याने दगडाचा पोत आणि सांध्यांतील फरक पाहण्याची सवय ठेवली, तर प्राचीन भाग कोणता आणि शतकापूर्वीची दुरुस्ती कोणती, हे बऱ्याच ठिकाणी ओळखता येते.

क्रमांक १७ कडे सवडीने पाहा. आकाराने इतके लहान की लोक त्याला चौकी समजून पुढे जातात. सपाट शिळांचे छप्पर, चौरस गाभारा, पुढे चार खांबांचा मुखमंडप, बस. एका खांबाजवळ उभे राहून तळापासून वरपर्यंत नजर फिरवा. खाली तो चौकोनी आहे, थोडे वर अष्टकोनी होतो, त्याहून वर सोळा बाजूंचा होतो, मग उलट्या कमळाचा घंटाकार भाग येतो आणि शेवटी पाठीला पाठ लावून बसलेले सिंह. मौर्यांच्या स्तंभावरील घंटा आणि सिंह येथे सुमारे साडेसहाशे वर्षांनंतर, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, एका छोट्याशा देवळाच्या खांबावर आले आहेत. भिंती जवळपास कोऱ्या आहेत. सारी शोभा खांबांवर ठेवून भिंती मोकळ्या सोडण्याचा हा संयम पुढच्या देवळांत फारसा आढळत नाही. आज गाभारा रिकामा आहे.

याच काळातला एक लेख महास्तूपाच्या कठड्यावर आहे. गुप्त संवत ९३, म्हणजे इसवी सन ४१२-१३, या वर्षी दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या पदरी असलेल्या आम्रकार्दव नावाच्या अधिकाऱ्याने काकनादबोट विहाराला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. काकनादबोट हे तेव्हाचे येथील महाविहाराचे नाव. त्यानंतर काही दशकांनी, गुप्त संवत १३१ मध्ये, हरिस्वामिनी या उपासिकेच्या दानलेखात चार बुद्धांच्या जागेचा उल्लेख येतो. महास्तूपाच्या चारही प्रवेशांसमोर ज्या चार बसलेल्या बुद्धमूर्ती आहेत त्या हेच चार बुद्ध. तेव्हा स्तूपाकडून मूर्तीकडे झालेला जो प्रवास लेणीवेडा यांनी सांगितला, त्यात जुन्याला बाजूला सारून नवे आले असे घडले नाही. स्तूपाच्या अंगालाच मूर्ती येऊन बसल्या, आणि पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी क्रमांक १८ मध्ये पुन्हा गजपृष्ठाकार चैत्यगृहच बांधले गेले.

पायपीट

वरील दोघांनी शास्त्र सांगितले आहे, मी व्यवहाराचे सांगतो. सर्वप्रथम टेकडीच्या पायथ्याचे पुरातत्त्व संग्रहालय पाहावे. अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष तेथे आहे आणि वर टेकडीवर दक्षिण तोरणाजवळ त्याच स्तंभाचा खालचा तुकडा उभा आहे. शीर्ष आधी पाहिले नाही, तर त्या बुंध्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. (त्या स्तंभाचा दंड पूर्वी एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी फोडला, अशी हकिकत मार्शल यांनी नोंदवली आहे.) संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेव्हा वार पाहून बेत ठरवा.

वर गेल्यावर महास्तूप सकाळच्या तिरप्या उन्हात, मग १८ आणि १७, तेथून दक्षिणेला ४०, आणि पूर्वेकडच्या उंच भागातील क्रमांक ४५ व त्याच्या शेजारचे विहार, असा क्रम सोयीचा पडतो. वेळ आणि पायांत बळ उरले असेल, तर पश्चिमेच्या उतारावरून विहार क्रमांक ५१ वरून स्तूप क्रमांक २ कडे उतरावे. गर्दी तेथे जवळजवळ नसते आणि कठड्यावरील पदके (गोलाकार कोरीव चित्रे) अगदी जवळून पाहता येतात. नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारच्या आसपास जाणार असाल, तर एक ध्यानात ठेवा. १९५२ साली उघडलेल्या चेतियगिरी विहारात सारिपुत्त आणि महामोग्गलान या बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांच्या अस्थी तेव्हा दर्शनासाठी ठेवतात आणि दूरदेशीचे उपासक मोठ्या संख्येने येतात. श्रद्धेने जाणाऱ्यासाठी ती पर्वणी आहे, निवांतपणे अवशेष पाहणाऱ्याने मात्र दुसरी तारीख निवडावी.

पथ्यांविषयी थोडक्यात. जोत्यावर चढून बसू नये, खांबांना टेकून छायाचित्रे काढू नयेत, विटेचा वा खापराचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नये. प्राचीन दगडावर मेणबत्ती किंवा उदबत्ती लावू नये, कारण मेण आणि काजळी दगडात मुरली की सहजी निघत नाही. वंदन करायला कोणाची आडकाठी नाही, पूजेसाठी चेतियगिरी विहार आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साध्या कॅमेऱ्याला किंवा मोबाइलला हरकत नसते, तिपाई न्यायची असेल तर आधी परवानगी काढावी लागते.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. क्रमांक ४० विषयी मला खरोखरच काही कल्पना नव्हती. एक शंका क्रमांक ४५ बद्दल आहे. त्याच्या दाराच्या चौकटीवर गंगा आणि यमुना कोरलेल्या आहेत असे वाचनात आले. बौद्ध मंदिराच्या दारावर या नदीदेवता कशा? हे मंदिर आधी हिंदू होते किंवा नंतर झाले, असा याचा अर्थ घ्यावा काय?

कालिंदी

तसा अर्थ घेऊ नये. आत भूमिस्पर्श मुद्रेतील (उजव्या हाताने जमिनीला स्पर्श करणारी) बुद्धमूर्ती आहे आणि मंदिर एका बौद्ध विहाराच्या चौकात उभे आहे. तेव्हा त्याच्या पंथाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गंगा-यमुना असलेली द्वारशाखा (दाराची कोरीव चौकट) गुप्तकाळापासून उत्तर आणि मध्य भारतातील वास्तुकारांच्या अंगवळणी पडलेली होती. मकरावर उभी गंगा, कासवावर उभी यमुना, म्हणजे दारातून आत जाणारा पावन होऊन जातो हा संकेत. तो कोणा एका पंथाच्या मालकीचा नव्हता. बांधणारे कारागीर तेच असत, आज एका पंथाचे काम तर उद्या दुसऱ्याचे. अजिंठ्याच्या काही विहारांच्या दारांवरही मकरावर उभ्या असलेल्या स्त्रिया आहेत, फक्त तेथे त्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत आहेत. पुढच्या काळात त्या खाली, उंबरठ्याच्या बाजूला उतरल्या. क्रमांक ४५ चे काम दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे असल्यामुळे तेथे त्या खालीच शोधाव्यात.

या मंदिरात पाहण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे थर. आधीचा सातव्या-आठव्या शतकातला विहार जळून गेल्यावर चौक उंचावून नवे बांधकाम झाले. त्यामुळे जुन्या पातळ्या आणि नव्या पातळ्या एकाच ठिकाणी दिसतात. सुरुवातीला गोंधळ होतो, म्हणून पायऱ्या कोठे चढतात आणि कोठे बुजल्या आहेत एवढेच आधी पाहा, भिंतींकडे नंतर वळा. मार्शल यांच्या काळी हे मंदिर इतके खिळखिळे झाले होते की आत शिरणाऱ्याच्या अंगावर कोसळण्याची भीती होती, हे वाचल्यावर आज तेथे निर्धास्तपणे उभे राहता येते याचे मोल कळते.

लेणीवेडा

कालिंदी यांनी गोलाईतल्या भिंतीचा मुद्दा काढला तो रास्त आहे, आणि त्यावरून एक पूरक सूचना करावीशी वाटते. लेणी कितीही उपयोगी पडली, तरी त्यांना बाहेरची बाजू नसते. दर्शनी भाग सोडला तर बाकी सगळा डोंगर. त्यामुळे गजपृष्ठाकार मंदिर बाहेरून, विशेषतः मागून, कसे दिसत असेल हे कार्ले-भाज्याहून कळत नाही आणि सांचीला तर वरचे काहीच उरलेले नाही. ती उणीव धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे भरून निघते. तेथील त्रिविक्रम मंदिराचा मागचा भाग म्हणजे विटांनी बांधलेले, छप्पर शाबूत असलेले गजपृष्ठाकार चैत्यगृह आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्वज्ञ हेन्री कझेन्स यांनी ते मूळचे बौद्ध असावे असे मत मांडले आणि पुष्कळ अभ्यासक आजही ते मानतात. काहींचा त्याला विरोध आहे, पण इमारतीच्या घडणीविषयी दुमत नाही. पुढचा सभामंडप नंतरचा असल्यामुळे समोरून पाहिल्यास काही विशेष वाटत नाही. देवदर्शन झाल्यावर देवळाला बाहेरून वळसा घालून मागे जावे आणि भिंतीची गोलाई, त्यावर टेकलेले कमानदार छप्पर व मागच्या टोकाला ते खाली कसे उतरले आहे हे पाहावे. क्रमांक १८ च्या खांबांवर जे छप्पर तुम्हाला कल्पनेने चढवायचे आहे, त्याचा बाहेरचा आकार साधारण असाच असणार, फरक असलाच तर उंचीचा आणि विस्ताराचा.